नऊ सेंटिमीटरचा सूड

मित्रांनो, मी एक जुना थिओडोलाइट आहे, आणि माझ्या मनात एका माणसाविषयी अजून राग आहे. ड्रेस्डेनमधल्या एका इन्स्टिट्यूटच्या तळघरात, कोळशाच्या विटांच्या ढिगाशेजारी माझी पेटी ठेवलेली आहे. पेटीवर चिठ्ठी आहे : ‘सदोष. वापरू नये.’ ती चिठ्ठी त्यानेच चिकटवली. ती खोटी आहे. खरे काय घडले ते मी तुम्हाला सांगतो.

थिओडोलाइट म्हणजे कोन मोजणारे यंत्र. मला एक छोटी दुर्बीण आणि काचेच्या दोन चकत्या आहेत, चकत्यांवर केसाहून बारीक रेघा आहेत. दूरची एखादी खूण माझ्यातून पाहिली की ती किती वर आहे, किती खाली आहे, ते कळते. एक गंमत म्हणजे माझ्यातून सारे जग उलटे दिसते. माणसे डोक्यावर चालतात, घरांची छपरे खाली लोंबतात. सवय झाली की त्याचे काही वाटत नाही.

माझा जन्म १९५४ साली जर्मनीतल्या येना शहरात झाला. माझी भिंगे एका बाईंनी घासली. पॉलिशच्या पुडीने त्यांची नखे कायम लाल असत. काम संपल्यावर त्यांनी मला डोळ्याला लावले आणि शेजारणीला म्हणाल्या, “बघ, हा खोटं बोलायचा नाही.” मग मी ड्रेस्डेनला आलो. युद्धात जळालेल्या भिंती तेव्हा शहरभर उभ्या होत्या. कोणती भिंत कलली आहे, कोणती ठेवता येईल, हे मी सांगायचो. लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या भिंतींखालून ये-जा करीत. तो काळ सुखाचा होता.

१९६० मध्ये श्रीपाद मोघे नावाच्या पुण्याच्या विद्यार्थ्याला मला हिमालयात न्यायची परवानगी मिळाली. डोंगरावरची शहरे हळूहळू खाली कशी सरकतात, या विषयावर तो डॉक्टरेट करीत होता. त्याची बायको सरला गणितात बी.एस्सी. होती. डॉक्टर होल्ट्स हे त्याचे मार्गदर्शक. निघताना त्यांनी माझी पेटी श्रीपादच्या हाती दिली आणि सरलाकडे बघून म्हणाले, “फ्राऊ मोघे तिथे स्वयंपाक करतील. छान, छान.”

देवलधार हे कुमाऊँमधले गाव. एका डोंगरावर जितकी माणसे मावतील त्याच्या तिप्पट तिथे राहत होती. एकाचे अंगण म्हणजे खालच्याचे छप्पर. उन्हाळा आला की मैदानातून बसगाड्या भरभरून पाहुणे येत. रस्त्यावर घोडी, हमाल, नुकतीच लग्न झालेली जोडपी आणि भाजलेली कणसे, यांतून वाट काढावी लागे. पाण्याच्या नळावर पहाटेपासून बादल्यांची रांग. खोल्या पुरेनात म्हणून जो तो मजल्यावर मजला चढवीत होता आणि सांडपाणी डोंगराच्या पोटात सोडीत होता.

आम्ही मोहनसिंग बिष्ट यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. सगळे त्यांना मोहनदा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला कुंतीभाभी. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. समोरच्या उतारावर पंधरा घरे होती. त्या उताराच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्याचे पाणी तीन वर्षांपासून गढूळ येत होते. तिथेच एका बड्या हॉटेलवाल्याला डोंगर कापून पाच मजली हॉटेल बांधायचे होते. मोहनदांनी नगरपालिकेत ओरड करून परवानगी अडवून धरली होती. मोजणी होऊन निकाल येईपर्यंत बांधकाम नाही, असे ठरले होते.

म्हणजे सगळे माझ्यावर होते.

गच्चीवर दगडी खांब बांधून मला त्यावर बसवले. समोरच्या उतारावर पाच पांढऱ्या खुणा रंगवल्या. श्रीपाद मातीचे नमुने गोळा करीत रानोमाळ हिंडायचा, आठवडा आठवडा परतायचा नाही. मोजणी सरला करायची. रोज सकाळी, बोटे गारठलेली असली तरी, पाच खुणा, प्रत्येक खूण चार वेळा. पाऊस असला की मोहनदा माझ्यावर छत्री धरून उभे राहायचे आणि स्वतः भिजायचे.

“मोहनदा, तुम्ही आत जा ना,” सरला म्हणायची.

“मला सुकायला एक चूल पुरते, बहनजी,” ते म्हणायचे. “या मशीनला सुकवायला जर्मनीला पाठवावं लागेल.”

१९६१ च्या जूनमध्ये घात झाला. दिल्लीचे एक भरभक्कम कुटुंब, आठ जण, कोणाला न विचारता गच्चीवर चढले. त्यांना मी बर्फाची शिखरे पाहायची दुर्बीण वाटलो. पोरे रांग लावू लागली आणि त्यांच्या वडिलांनी खांबावर रेलून आपला सगळा भार टाकला. खांब कोसळला. सरलाने धावत येऊन मला अधांतरी झेलले. तिचा कोपर फुटला, मला खरचटलेही नाही. खांब मात्र नव्याने बांधावा लागला, आणि गवंड्याने तो जुन्यापेक्षा नऊ सेंटिमीटर ठेंगणा बांधला.

आता नीट ऐका, मित्रांनो. मी नऊ सेंटिमीटर खाली आलो, तर समोरच्या खुणा मला तेवढ्याच वर गेल्यासारख्या दिसणार. हे हिशेबात धरले नाही, तर डोंगर उंच झाला असे वाटेल. सरलाने मोजणीच्या वहीत समासात मराठीत लिहून ठेवले : ‘खांब नवा. नऊ सेंटिमीटर ठेंगणा. यापुढच्या सर्व उंच्यांतून नऊ वजा करणे. आज भाभींकडे खीर.’ परत गेल्यावर जर्मनमध्ये पक्की वही करू, तेव्हा हे उतरवू, असे तिच्या मनात होते.

दोन वर्षांत तो उतार चार सेंटिमीटर खाली सरकला. निघताना मोहनदा बसपर्यंत आले. “आकडे लवकर पाठवा,” ते म्हणाले. “तोवर मी त्या हॉटेलवाल्याच्या दारात आडवा पडून राहतो.”

ड्रेस्डेनला पोहोचताच होल्ट्स यांनी वही मागून घेतली. मी त्यांच्याच खोलीतल्या कपाटावर होतो, म्हणून सगळे ऐकले.

“हेर डॉक्टर, त्यातल्या काही नोंदी मला समजावून सांगायच्या आहेत,” सरला म्हणाली. जर्मनीत साहेबांना ‘हेर’ म्हणतात.

“आल्झो, असं बघा, फ्राऊ मोघे, आकडे स्वतःच बोलतात.” त्यांनी वही खणात टाकली. “अहवाल इन्स्टिट्यूटतर्फे जाईल. तुम्ही काळजी करू नका.”

दिवसांचे महिने झाले, महिन्यांचे वर्ष झाले. वही काही परत आली नाही. श्रीपाद विचारायला गेला की होल्ट्स हसून म्हणत, “बघतो आहे, बघतो आहे.”

१९६४ च्या मार्चमध्ये एका मासिकात होल्ट्स यांचा लेख छापून आला. श्रीपाद ते मासिक घेऊन सरलाबरोबर होल्ट्स यांच्या खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. होल्ट्स बाहेर गेले होते. सरलाने लेख उभ्यानेच वाचला. देवलधारचा उतार खाली सरकत नसून ओलाव्याने फुगून वर येतो, असा नवा शोध त्यात मांडला होता. होल्ट्स यांनी तुटक आकडे जोडून एक गुळगुळीत रेघ काढली होती आणि त्या फुगण्याला स्वतःचे नाव दिले होते. श्रीपादचे नाव कुठेच नव्हते. तळटीप अशी होती : ‘मोजमापे स्थानिक मजुरांनी घेतली.’

“स्थानिक मजूर,” सरला सावकाश म्हणाली. मग ती एकदम हसली. “अहो, त्यांनी नऊ वजा केलेलेच नाहीत. त्यांना समास वाचता आला नाही.”

“मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना.”

“नाही.”

“सरला, चूक आहे ती!”

“त्यांची आहे. नोव्हेंबरमध्ये ते भाषण देणार आहेत ना, सगळ्या प्राध्यापकांसमोर? या शोधावर त्यांना मोठी जागा हवी आहे. चढू दे त्यांना वर. जितके वर चढतील तितके जोरात पडतील.”

“आणि मोहनदांना कळवायचं काय?”

“अहवाल अजून गेलेला नाही. भाषणानंतर मी स्वतः पाठवते, खरा.”

श्रीपादची डिग्री होल्ट्स यांच्या हातात होती, म्हणून तोही गप्प बसला. आणि मी? मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी दोन वर्षे जे खरे सांगितले, त्याचीच त्या माणसाने माती केली होती. माझ्यावर सकाळी सकाळी झुकणारा सरलाचा गारठलेला चेहरा त्याने मजुरांत जमा केला होता. तो रोज खोलीत यायचा, टोपी खुंटीला लावायचा, आपल्या लेखाच्या प्रती पाकिटांत भरायचा. मी वरून बघायचो आणि म्हणायचो, भर. अजून भर. गावोगाव पाठव. आठ महिने मी दिवस मोजले.

नोव्हेंबरात सभागृह भरले. बाहेर गोठवणारा वारा होता, ओल्या लोकरी कोटांचा वास आत साचला होता. मला टेबलावर मधोमध मांडले होते. होल्ट्स तासभर बोलले. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा, असे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा सरला मागच्या रांगेतून उठली. तिने जांभळी साडी नेसली होती आणि वरून घातलेला कोट काढून ठेवला होता.

“हेर डॉक्टर, पाचही खुणा एकाच महिन्यात, अगदी सारख्याच, नऊ-नऊ सेंटिमीटर वर कशा गेल्या?”

“गेनाऊ, अगदी बरोबर! हेच तर आश्चर्य आहे. संपूर्ण उतार एकजीव होऊन फुगतो.”

“तुमच्यासमोर वही आहे. एकेचाळिसाव्या पानावर समासात काय लिहिलं आहे?”

होल्ट्स यांनी पान उलटले. “मजुराने काहीतरी खरडलं आहे. हवामान असावं.”

“मी वाचून दाखवू? माझंच अक्षर आहे.”

ती पुढे आली. आधी तिने ते मराठीत वाचले, खणखणीत, एकेक शब्द तोडून. मग जर्मनमध्ये सांगितले. खांब. ठेंगणा. नऊ वजा करणे. खीर म्हणजे काय तेही सांगितले.  मग दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाला हसू आवरेना, आणि बघता बघता सगळे सभागृह हसू लागले. होल्ट्स यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्यांना दगा दिला. दिलाच होता! मला तोंड असते तर त्या दिवशी मी सर्वांत मोठ्याने हसलो असतो.

त्यांना ती मोठी जागा मिळाली नाही. माझा सूड पुरा झाला.

दोन आठवड्यांनी पत्र आले. सरलाने खऱ्या आकड्यांचा अहवाल टाइप करून होल्ट्स यांच्या खोलीत सहीसाठी आणला होता. तिथेच श्रीपादने ते पाकीट तिच्या हाती दिले. मोहनदांच्या पत्नीने, कुंतीभाभींनी, हिंदीत लिहिले होते. सरला मराठीत सांगत वाचू लागली.

“‘जर्मनीहून गेल्या हिवाळ्यात कागद आला की डोंगर वर येतो आहे, भीती नाही. यांनी फार विरोध केला. लोक म्हणाले, तुझ्याच मशीनने सांगितलं, आता तू का ओरडतोस? मे महिन्यात परवानगी दिली. पायथा कापला. सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागला. हे घराघरांत जाऊन लोकांना बाहेर काढत होते. चौदा घरं रिकामी केली. पंधराव्या घरात एक म्हातारी होती, ती उठत नव्हती. तिला उचलायला हे आत गेले आणि वरून डोंगर...’”

पुढचे तिला वाचता आले नाही. श्रीपादने पत्र घेऊन मनात वाचले आणि घडी घालून टेबलावर ठेवले.

“अहवाल आधीच गेला होता,” तो म्हणाला. “आपल्याला माहीत नव्हतं, सरला.”

“मार्चमध्ये मला खरं माहीत होतं,” ती म्हणाली. “परवानगी मे महिन्यात दिली. एक पत्र पोहोचायला किती दिवस लागतात हो?”

 मी आठ महिने मोजलेले दिवस मला पुन्हा मोजावेसे वाटेनात.

तेवढ्यात होल्ट्स आत आले. सरलाने त्यांना झाले ते सांगितले. त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटले, “यंत्रात दोष असणार. मी तसं नोंदवून ठेवतो.” त्याच दुपारी त्यांनी माझ्यावर ती चिठ्ठी चिकटवली आणि मी तळघरात आलो.

मला तिथे सोडायला सरला आली होती. तिने माझी काच पुसली आणि पेटीच्या कड्या लावल्या. पुढच्या वसंतात ती एकटीच देवलधारला गेल्याचे मी कोळसा न्यायला आलेल्यांच्या बोलण्यातून ऐकले. जाण्यापूर्वी तिने खरे आकडे छापून घेतले होते आणि मोजणाऱ्यांच्या जागी दोन नावे घातली होती : सरला मोघे, मोहनसिंग बिष्ट. नगरपालिकेत तिने तो कागद वाचला आणि सोबत आपण गप्प बसलो हेही सर्वांसमोर सांगितले. कुंतीभाभी सभेतून उठून गेल्या. पुढे दोघी बोलल्या की नाही, ते मला कधी कळले नाही. त्या उतारावर नवे बांधकाम मात्र बंद झाले. श्रीपादला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे वर्षभर जास्त राबावे लागले, मग तोही तिकडेच गेला.

मित्रांनो, मी होल्ट्सला माफ केलेले नाही, करणारही नाही. तुम्ही कधी या तळघरात आलात तर माझ्यावरची चिठ्ठी काढून टाका. माझ्या काचेवर बुरशी धरू देऊ नका, मी अजून खरे सांगू शकतो. पण तुमच्यापाशी असे एखादे सत्य असेल, ज्यावर कोणाचे छप्पर अवलंबून आहे, तर ते वैऱ्याला पाडायला साठवून ठेवू नका. आधी ज्याला हवे त्याला पोहोचवा, त्याच दिवशी. मग वैऱ्याशी हवे तेवढे भांडा. मी तुमच्याच बाजूने असेन.