उजव्या गुडघ्याची परवानगी

थनितच्या उजव्या गुडघ्यात लोंगन फळाच्या बीएवढं भोक होतं. डॉक्टर ओरवानबाईंनी ते पडद्यावर दाखवलं, तेव्हा हे दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र असणार असं त्याला वाटलं. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती तेवढ्या जागी पार झिजून गेली होती आणि खालचं हाड उघडं पडलं होतं.

"काम काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"माकड आहे."

बाईंचं पेन थांबलं.

"खोनमधलं," थनित घाईघाईनं म्हणाला. "मुखवटा घालून नाचतो. हनुमान."

"म्हणजे उकिडवं बसायचं आणि उड्या मारायच्या. कधीपासून?"

"आठव्या वर्षापासून. आता एकतीस."

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. काहीच केलं नाही, तर अजून दोनेक वर्षं नाच आणि पुढं जन्मभर काठी. किंवा दोन शस्त्रक्रिया. पहिलीत गुडघ्यातलाच कूर्चेचा कण काढायचा आणि प्रयोगशाळेत वाढवायचा. दुसरीत तो त्या भोकावर बसवायचा. त्यानंतर सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, मांडी घालायची नाही, गुडघे मोडून बसायचं नाही आणि वर्षभर उडी नाही.

"आणि मग नाचता येईल?"

"बरेचजण खेळाकडं परत जातात. पण ते फुटबॉलवाले, धावणारे. माकडांवर अजून कुणी अभ्यास केलेला नाही," बाई म्हणाल्या. त्या हसल्या, थनितला मात्र हसू फुटलं नाही.

भीती त्याला चाकूची नव्हती. निदान तो स्वतःला तसं सांगत होता. वर्षभर घरी बसलेल्या माकडाला परत कोण बोलावतं, ही एक भीती. कण वाढलाच नाही तर, ही दुसरी. पण सगळ्यांत मोठी भीती होती ती सामरान गुरुजींची.

हा गुडघा गुरुजींनी घडवलेला होता. आठ वर्षांच्या थनितला भिंतीला टेकवून, त्याच्या मांड्या स्वतःच्या पायानं रेटून रेटून त्यांनी त्या उघडल्या होत्या. माकडाची बैठक तशीच येते, दुसरा रस्ता नाही. नवी भूमिका घ्यायची असो, लग्न करायचं असो की भिक्खू व्हायचं असो, शिष्यानं पितळी तबकात फुलं, मेणबत्ती आणि उदबत्त्या घेऊन गुरूपुढं जायचं आणि परवानगी मागायची, ही रीत. न विचारता केलं की गुरूचा दोष लागतो. कुणाचा आवाज गेला, कुणी मुखवट्यासकट रंगमंचावरून खाली आला, असले किस्से प्रत्येक माकडाला तोंडपाठ असतात.

आणि गुरुजी नाही म्हणतील, याची थनितला खात्री होती. सत्तरी उलटलेल्या गुरुजींचे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, पण त्यांनी कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. पाठीची शस्त्रक्रिया करून आलेल्या एका शिष्याला ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अंग फाडून नाच आत घालता येत नाही, बाबा." तो शिष्य पुन्हा तालमीला आला नाही.

म्हणून थनितनं विचारलंच नाही. मंडळीत सांगितलं, आई आजारी आहे, गावी अम्फवाला जातो. कागदावर सही करून टाकली. विचारलं नाही म्हणजे नकारही नाही, असा त्यानं हिशेब केला. घाबरलेल्या माणसाला असले हिशेब फार लवकर जमतात.

पहिली शस्त्रक्रिया झाली आणि आईनं प्रश्नांची फैर झाडली. आई अम्फाई म्हणजे नारळाचा गूळ करणारी, साठ वर्षं चुलीपुढं काढलेली बाई.

"तुझा तुकडा तिकडं एकटाच?"

"अगं आई, कूर्चेचा एवढासा कण आहे."

"एवढासा असला म्हणून काय झालं? अंगाच्या बत्तीस जागी बत्तीस जीव, बत्तीस खवान असतात. गुडघ्याचा खवान त्या कणामागं गेला आणि वाट चुकला, म्हणजे?"

तिनं त्याच्या दोन्ही मनगटांना पांढरा दोरा बांधला आणि 'ये रे बाबा, घरी ये' म्हणत गुडघ्याच्या खवानला हाका मारल्या. एवढ्यावर न थांबता ती ओरवानबाईंकडं गेली आणि उरलेला दोरा कण वाढवायच्या भांड्याला बांधायला दिला. ओरवानबाई हसल्या नाहीत. भांड्याला दोरा चालत नाही, पण त्यावर तुमच्या मुलाचं नाव नीट लिहिलंय, असं त्यांनी सांगितलं. आईचं तेवढ्यानं समाधान झालं. थनितचं झालं नाही. रोज जेवताना घास हातात धरून तो विचार करायचा, आत्ता आपण तिथं किती वाढलो असू?

कण वाढला. दुसरी शस्त्रक्रियाही झाली. मग अम्फवाच्या कालव्याकाठच्या लाकडी घरात, जिथं आजवर सगळे जमिनीवरच बसले, जेवले आणि झोपले, तिथं भाड्यानं आणलेला उंच लोखंडी पलंग आला. त्यावर मांडी ते पोटरी पट्ट्यांत आवळलेला थनित.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. गुडघा नारळाएवढा सुजला. ओरवानबाई फोनवर म्हणाल्या, असं होतं, बर्फ लावा. ताप दोन दिवसांत उतरलाही, पण थनितचं धाबं दणाणलं ते दणाणलंच. दोष लागला. विचारलं नाही, त्याचा दोष लागला. हे तो कुणाला बोलला नाही. थोरली बहीण दुआन मात्र त्याच्या तोंडाकडं बघून ओळखायची.

"काय रे, लंका जाळणारा तू! बर्फाची पिशवी बघून डोळे पांढरे करतोस?"

"ताई, गप बस ना."

"अंडं देऊ?"

"त्याला अंडं नको!" आई चुलीपासून ओरडायची. "जखमेचा व्रण फुगतो. भात आणि मासाच दे."

सहावा आठवडा सरला. तपासणी झाली. कूर्चा जागेवर बसली आहे, असं ओरवानबाईंनी सांगितलं आणि नवं काम दिलं. वजनकाट्यावर उजवा पाय ठेवायचा आणि दहा किलोपर्यंत काटा नेऊन थांबायचं. रोज तीनदा. पुढच्या आठवड्यात वीस. जमिनीवर बसणं, गुडघे मोडणं अजूनही बंद. घाई करू नका, पण टाळूही नका, वापर नसेल तर नवी कूर्चा घट्ट होणार नाही, हेही बजावलं.

आईनं गुळाचे डबे तोलायचा काटा पुसून पलंगापाशी ठेवला. काट्याची मोठी गोल तबकडी थनितच्या तोंडासमोरच आली. पहिल्या दिवशी त्यानं पाय ठेवला. काटा शून्यावरच. पायात ताकद होती, दुखतही नव्हतं. पण जरा जोर द्यायचा म्हटलं की ते पडद्यावरचं भोक डोळ्यांपुढं यायचं, कट् असा आवाज ऐकू यायचा आणि मांडी लाकडासारखी ताठ व्हायची. तो दुआनला म्हणाला, आज ठणकतंय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी दुआन चिडली.

"ठणकत नाहीये. तुझी पाचावर धारण बसलीय."

"हो, बसलीय!" थनित एकदम ओरडला. "तुझा गुडघा आहे का? तुटलं तर पुन्हा कण कुठून आणू?"

दुआन परसात निघून गेली. तेवढ्यात पायरीवर काठी वाजली.

टक्. टक्. तो आवाज थनितनं तेवीस वर्षं ऐकला होता. एक ठोका म्हणजे उठा, दोन ठोके म्हणजे असाल तिथं दगड व्हा.

सामरान गुरुजी काठीचा आधार घेत एकेक पायरी चढत होते. दर पायरीला थांबत होते. बँकॉकपासून इथवर ते एकटेच आले होते. पाठोपाठ आई होती. तिचं तोंड उतरलेलं होतं, त्यावरून थनितला सगळं कळलं. हिनंच सांगितलं.

मग त्याची नजर गुरुजींच्या डाव्या हाताकडं गेली. हातात पितळी तबक होतं. काठाला पोचा पडलेलं, तेच ते तबक. आठव्या वर्षी ह्याच तबकात फुलं घेऊन तो गुरुजींपुढं गेला होता आणि त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. ठेवून घेतलं, म्हणजे शिष्य केलं. आता ते परत घेऊन आले होते. परत करण्याचा अर्थ एकच.

गुरुजी खाली उभे आणि आपण उंच पलंगावर, त्यांच्याकडं पाय करून. थनितला पुढचं काही दिसलंच नाही. त्यानं पट्ट्या सैल केल्या, पाय पलंगावरून खाली सोडले आणि गुडघे मोडून जमिनीवर कपाळ टेकायला तो घसरला. आई किंचाळली.

टक् टक्!

थनितचं अंग जागच्या जागी गोठलं. दोन्ही हात पलंगाच्या कडेला, डावा पाय टेकलेला आणि उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर, हवेत. डोक्यानं काही ठरवायच्या आत अंगानं हुकूम मानला होता. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता.

"वर," गुरुजी म्हणाले. आवाज तालमीतलाच होता. "हळू. दोघींनी धरा त्याला."

परसातून धावत आलेल्या दुआननं आणि आईनं त्याला उचलून पलंगावर घातलं.

"आता आडवा पड. आडवा पडलास की तुझं डोकं माझ्यापेक्षा खालीच राहतं. एवढं साधं गणित येत नाही? म्हणे पाया पडतो!"

दुआननं फळीचं बाकडं आणलं. गुरुजी त्यावर कण्हत बसले आणि तबक मांडीवर घेतलं. थनितनं पडल्या पडल्या हात जोडले.

"गुरुजी, चुकलो. विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून..."

"म्हणालोच असतो नाही," गुरुजी म्हणाले.

त्यांनी तबक थनितच्या उशाशी ठेवलं. त्यात ताजी फुलं होती, दोन उदबत्त्या होत्या आणि एक मेणबत्ती.

"हे परत करायला आणलेलं नाही. मी मागायला आलोय."

"काय?" थनितला नीट ऐकू आलं, पण कळलं नाही.

"माफी." गुरुजींनी हात पुढं केला आणि पट्ट्यांवरून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ज्या हातानं ते मुखवटा शिष्याच्या डोक्यावर चढवायचे, तो हात गुडघ्यावर. आई दचकून पुढं झाली, तसं त्यांनी तिला नजरेनंच थांबवलं. "ह्या पायाला मी पायानं रेटलंय. तू रडलास, तरी रेटलं. मला माझ्या गुरूनं तसंच रेटलं होतं. माझे गुडघे गेले तेव्हा मी म्हटलं, वय झालं. तुझा एकतिसाव्या वर्षी गेला. मग वय कुणाचं झालं?"

गुरूनं शिष्याची माफी मागायची, हे थनितनं कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. त्याला तापापेक्षा, चाकूपेक्षा जास्त भीती आत्ता वाटली. पायाखाली काही उरलंच नाही, अशी.

"असं नका बोलू, गुरुजी."

"बोलू दे. तुझ्या आईनं फोन केला त्या दिवसापासून झोप नाही मला. डॉक्टर काय म्हणतात?"

"बसलीय म्हणतात. आता काट्यावर जोर द्यायचाय. दहा किलो."

"मग?"

दुआनला राहवलं नाही.

"पाच दिवस झाले, शून्यावरच आहे."

गुरुजींनी काट्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. थनितला वाटलं, आता बोलणी बसणार. पण गुरुजींनी फक्त काठी सरळ केली.

"उठून बस. पाय ठेव. मी ताल देतो, माकडाचा पहिला. एका ठोक्याला जेवढं जमेल तेवढंच."

दुआननं पट्ट्या पुन्हा आवळल्या. थनित कुबड्या धरून पलंगाच्या कडेला बसला. तळवा काट्यावर ठेवला. पत्रा गार लागला.

टक्.

मांडी थरथरली. काटा हलला आणि परत फिरला. "नाही होत," तो म्हणाला.

टक्.

दोन किलो. त्यानं ओठ चावला. कट् असा आवाज आला नाही. टक्. चार. गुडघ्यात काहीतरी ताणलं आणि त्याचा श्वास अडकला, पण ते नुसतं ताणलंच होतं. टक्. सात. ठोके आता एकमेकांपासून लांब लांब पडत होते. तालमीत गुरुजींचा ताल असा कधी ढळायचा नाही, म्हणून थनितनं काट्यावरची नजर काढून वर पाहिलं.

गुरुजींनी डोळे घट्ट मिटले होते. काठी दोन्ही हातांत आवळून धरली होती.

"गुरुजी," थनित हळूच म्हणाला, "मारा ना. एक राहिलाय."

"तुटलं तर?" गुरुजींनी डोळे न उघडता विचारलं.

"मारा."

काठी उचलली गेली. खूप वेळ ती वरच राहिली. मग वाजली. थनितनं पाय रेटला. ह्या खेपेला कुणीच त्याला रेटत नव्हतं.

"किती झाले?" गुरुजींनी विचारलं.

"दहा," थनित म्हणाला.

गुरुजींनी डोळे उघडले, पण काट्याकडं पाहिलं नाही. ते थनितच्या गुडघ्याकडं बघत होते.

"आणखी नको आज," ते म्हणाले. "दुखत असेल तुला."

तेवीस वर्षांत हे वाक्य थनितनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.