लाइट लागेपर्यंत

“नाक वर. अजून. बास, आता श्वास घेतलास तरी चालेल,” लाइटवाले काका शिडीवरून म्हणाले, तेव्हा कुठे खुंटीने धरून ठेवलेला श्वास सोडला. हनुवटी मात्र होती तिथेच.

ती टीव्ही चॅनेलच्या स्टुडिओत, मॅडमच्या खुर्चीत बसली होती. बसणं हेच तिचं काम. मॅडम मुलाखत घ्यायला बरोबर चारच्या ठोक्याला यायच्या, पण त्याआधी लाइट लावायचे, म्हणजे कुठला दिवा कुठून किती ते जमवायचं, तर खुर्चीत कुणीतरी हवंच. खुंटीची उंची, रंग, खांदे, सगळं मॅडमच्या मापाचं. म्हणून रोज दुपारी दोन तास मॅडमचा उजेड हिच्या नाकावर पडायचा. वायर, चिमटे, काकांचा घामाचा रुमाल, अंगावर काहीही अडकवा, ही हलायची नाही. म्हणून खुंटी. आज तिचा स्वतःचा कार्यक्रम लागला की शेजारणी भांडण अर्ध्यावर टाकून घरात पळतात, आणि संपला की “कुठपर्यंत आलो होतो गं आपण?” असं विचारून उरलेलं भांडतात. पण ही गोष्ट ती खुंटी होती तेव्हाची.

न हलणं तिला आईने शिकवलं. आई कपडे शिवायची. गिऱ्हाईक बाई आरशापुढे उभी, आई तिच्या पायाशी गुडघे टेकून, तोंडात सतरा टाचण्या, आणि बाजूला लेक टाचण्यांची डबी धरून. टाचण्या तोंडात असल्यावर माणूस बोलणार काय? आई नुसतं “हं” म्हणायची. त्या एवढ्याशा “हं”वर बायका अशा सुटायच्या की बोलायची सोय नाही. एकीचा झगा टाचून होईस्तोवर तिची सासू, सासूची सासू आणि त्या सासूचा पळून गेलेला दीर, सगळे खोलीत हजर. एक तर नुसतं बटण लावून घ्यायला आली, लग्नापासून तिसऱ्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली आणि नाचत निघून गेली.

“आई, त्यांचं बटण राहिलं!”

आईने टाचण्या तळहातावर काढल्या. “बटणासाठी आली होती होय ती? आणि ऐक, आपल्याकडून कपडे बाहेर जातात. गोष्टी नाही जात.”

मॅडमचे कोटही आईच शिवायची. असाच एकदा कोट पोचवायला खुंटी चॅनेलवर गेली. “ए पोरी, जरा बस इथे,” काका म्हणाले. ती जी बसली ती तीन वर्षं.

समोरच्या खुर्चीत पाहुणे. त्यांचेही लाइट लावायचे असायचे. करायला काही काम नाही, अंगावर छान ऊब, आणि पुढ्यात “हं” म्हणणारी पोरगी. मग काय! एका नटीने तिला आपलं खरं वय सांगितलं. ते नवऱ्याला ठाऊक असणं तर सोडाच, नटीलासुद्धा आठवायला वेळ लागला. एका मंत्र्याने कोपरापर्यंत बाह्या ओल्या होतील इतकं रडून घेतलं. खुंटी ऐकायची. मग बाहेर टाचांचा टकटक आवाज यायचा, मॅडम आल्या, की हिने उठायचं. लाइट लागले की उठायचं, असा नियमच होता. एकदा, फक्त एकदा, लाइट लागल्यावरही बसून राहायला मिळावं, एवढंच तिला वाटायचं. उठताना खुर्चीच्या हातावरून तिचा हात जरा सावकाशच निघायचा.

त्या दिवशी समोर जादूगार आजोबा होते. ऐंशी वर्षांचे. त्यांनी एके काळी भर मैदानात, भर उन्हात, दहा हजार माणसांसमोर हत्ती गायब केला होता. कसा, ते बायकोलाही सांगितलेलं नाही. चॅनेलने आठ दिवस डांगोरा पिटला होता, हत्तीचं गुपित आज, थेट तुमच्या घरात!

“फार गरम होतं हो इथे,” आजोबा म्हणाले.

“हं,” खुंटी म्हणाली.

“हत्तीलाही व्हायचं.”

आणि निघाला की हत्ती! चाळीस मिनिटं. आजोबा हसून हसून डोळे पुसत होते, काका शिडीवर दिवा हातात धरून तसेच, वटवाघळासारखे.

चार वाजता मॅडम बसल्या, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. मॅडमनी पुढे झुकून विचारलं, “तर आजोबा, तो हत्ती?”

“सांगितलं की मघाशी.”

“कुणाला?”

“इथे बसली होती तिला. आता परत तेच काय? दुसरं विचारा काहीतरी.”

अर्धा तास मॅडमनी टोपी, ससा आणि हवापाणी यांवर काढला. कार्यक्रम संपला तसे चॅनेलचे साहेब खुंटीपुढे येऊन उभे राहिले. तोंड टोमॅटोसारखं.

“काय म्हणाले ते? सांग. सातच्या बातम्यांत लावतो.”

“नाही सांगता येणार, साहेब.”

“विसरलीस?”

“नाही. सगळं लक्षात आहे.”

“मग?”

“त्यांनी मला सांगितलंय. चॅनेलला नाही.”

“मग उद्यापासून येऊ नकोस! तिथे बसवायला मला पोतंही चालेल.”

“पोत्याला नाक कुठून आणू?” शिडीवरून काका म्हणाले, पण आपल्यापुरतं.

खुंटीने पिशवी उचलली. पट्टा खांद्यावर नीट बसेना. दोनदा घसरला.

“साहेब, जरा बाहेर थांबा,” मागून मॅडम म्हणाल्या. अर्धा मेकअप पुसलेला, अर्धा तसाच. “मला लाइट बघायचेत.”

“पण कार्यक्रम संपला, मॅडम.”

“म्हणूनच म्हणते.”

साहेब गेले. मॅडमनी खुंटीला बसायची खूण केली, तशी ती पाहुण्याच्या खुर्चीकडे वळली.

“तिथे नाही. तू जिथे बसतेस तिथे बस.”

आणि मॅडम स्वतः पाहुण्याच्या खुर्चीत बसल्या. सँडल काढून पाय लांब केले. वर पाहिलं आणि डोळे बारीक केले. “एकतीस वर्षं लोकांना इथे बसवतेय मी. इकडून उजेड डोळ्यांत जातो, हे कुणी बोललं नाही.”

“हं,” खुंटी म्हणाली.

मॅडम खुदकन हसल्या. मग बोलायला लागल्या. आधी सँडल कुठे चावते ते, मग पहिल्या कार्यक्रमात जीभ कशी टाळ्याला चिकटली ते, आणि मग आवाज खाली आणून आणखी काहीबाही. काकांनी ते सगळं ऐकलं. एरवी दोन चहांत जगाच्या बातम्या वाटणारा माणूस, पण याबद्दल अजून चकार शब्द नाही.

बोलता बोलता साडेपाच झाले. काका शिडीवरून उतरले, मोठा दिवा ढकलत जरा डावीकडे घेतला, त्याच्यापुढचं झाकण फिरवलं. खुंटीच्या नाकावर उजेड बरोबर बसला. ती सवयीने उठायला लागली.

“निघालीस कुठे?” मॅडम म्हणाल्या. “माझं अजून अर्धंसुद्धा झालेलं नाही.”