सहा नंबरच्या झाडाचा ओलावा

थिया कुराकिसच्या फोनवर सहा नंबरचं झाड गडद निळं होतं आणि समोर ते वाळत होतं.

"निळं म्हणजे पाणी भरपूर," टँकरच्या खिडकीतून मर्व पास्कोने तिला तिचाच नियम ऐकवला. "निळं दिसलं की थांबायचं नाही. तीन आठवडे मी हात हलवून पुढे जातोय, बाईसाहेब."

"सुकलेलं दिसलं तर सांगायचंस ना!"

"दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, मर्व, तुझ्या डोळ्यांपेक्षा माझा सेन्सरवर जास्त भरवसा आहे."

म्हणाली होती खरी. अ‍ॅडलेडच्या पश्चिम टोकाला, क्रिकेटच्या मैदानाभोवती नगरपालिकेने निलगिरीची चाळीस रोपं लावली होती आणि प्रत्येकाच्या मुळांशी थियाने सेन्सर पुरला होता. माती कोरडी झाली की नकाशावर ते झाड लाल होई, आणि टँकर फक्त लाल झाडांपाशी थांबे. एकोणचाळीस झाडं मजेत होती. हे सहावं मात्र क्लबच्या दारासमोरचं, जन्मभर खेळपट्टी राखून गेल्या वर्षी वारलेल्या क्लॅरी ट्रेझाइजच्या नावाचं. महिनाअखेरीस त्याची बायको डोरीन पाटी लावायला येणार होती. तिला काटकी दाखवायची थियाची तयारी नव्हती.

तिने गुडघे टेकून माती उकरली. बोटभर खाली भुगा, वीतभर खालीही भुगा. सेन्सर पुसून पाच नंबरपाशी खोचला, तर तिथे तो शहाण्यासारखा वागला. मग तिने सहा नंबरची चिमूटभर माती नाकापाशी नेली आणि मान मागे घेतली.

"मर्व, हा वास..."

"मी काय उगाच गाडीतून उतरत नाहीये?"

तेवढ्यात मैदानात आरडाओरडा झाला. क्लबचा अध्यक्ष नोएल हार्टिगन शून्यावर बाद होऊन पॅडसकट तडक झाडाकडे आला.

"जरा सरकतेस का? घाई आहे."

"आत संडास आहे की."

"आत खिळ्यांचे बूट चालत नाहीत. क्लॅरीचा नियम. आता पॅड सोडा, बूट सोडा, तोवर कोण थांबतंय?" त्याने आदराने टोपी काढली. "आणि म्हातारा गेल्यापासून सगळे इथेच येतो. दर शनिवारी, पाहुणा संघ धरून बावीस जण. झाडाला तेवढंच पाणी. प्रेमाने करतो गं."

"तुमच्या प्रेमात मीठ आहे," थिया शांतपणे म्हणाली. "मातीतून वीज किती सहज जाते, त्यावरून सेन्सर ओलावा ओळखतो. खारट मातीतून ती जास्तच सहज जाते, म्हणून त्याला वाटलं इथे तळं आहे. टँकर थांबला नाही. आणि त्याच मिठामुळे मुळांना उरलंसुरलं पाणीही ओढता येत नाही. नोएल, तुम्ही क्लॅरीचं लोणचं घालताय."

नोएलचा चेहरा पडला. "डोरीनला सांगू नकोस."

"मर्व, मुळांशी पाणी सोड. मीठ खोल धुऊन जाईपर्यंत."

"झाड निळं आहे."

"मर्व!"

"आधी म्हण, मर्वचे डोळे बरे आहेत."

"बरे आहेत. आता सोड!"

पाणी धो धो पडू लागलं. त्या आवाजाने नोएल दुमडलाच. गवतावर फतकल मारून, क्लॅरीला शिव्या घालत तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.

चौथ्या दिवशी सहा नंबर पहिल्यांदा लाल झालं. सेन्सरला अखेर खरी तहान कळू लागली होती. थियाने ऑफिसात एकटीने टाळी वाजवली. त्यानंतर टँकर तिथे नेमाने थांबला, आणि क्लबच्या दाराबाहेर मोज्यांवर उड्या मारणाऱ्या गड्यांची रांग लागू लागली.

महिनाअखेरीस डोरीन आली. शेंड्याची पानं सगळी गळून गेली होती, पण खाली खोडावर कोवळ्या फुटव्यांचे झुपके आले होते. थियाने माफी मागायला तोंड उघडलं.

डोरीनने झाडाला एक फेरी मारली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "वर टक्कल, खाली केसच केस. क्लॅरीच आहे हा."