आपापली जागा

१९३३ सालच्या दिवाळीपर्यंत रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजचा फुटबॉल संघ चार सामने खेळला आणि चारही हरला. पोलिसांनी पाच गोल चढवले, हायस्कुलाच्या पोरांनी चार. पण कचेरीतल्या कारकुनांकडून हरणं सगळ्यांना जास्त लागलं. त्यांच्यातले दोघे तर चष्मा काढून खेळत होते.

संघ होता होऊ घातलेल्या मास्तरांचा. वर्षभरात कुठल्या ना कुठल्या खेड्यात शाळा सांभाळायला जाणारे, विशी-बाविशीतले गडी, सगळे अनवाणी खेळणारे. कप्तान रघू सावर्ड्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. पायात जोर भारी, पण चेंडू एकदा पायाशी आला की त्याला जग दिसेनासं होई. तो एकटाच पळायचा, आणि बाकीचे नऊजण त्याच्या मागं वरातीसारखे. गोलात उरायचा तो नाटे गावचा लवू, मासेमारी करणाऱ्या खारव्याचा मुलगा.

पाचव्या सामन्याला लवूची मावशी येसूबाई आली होती. बाजारात मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परत जाताना ती मैदानाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर टेकली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी संघावर सहा गोल झाले. सामना संपल्यावर रघू लवूवर उखडला.

"सहा गोल? लवू, तू गोलात होतास की घरी?"

येसूबाई गडग्यावरून म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस रं? तुमी सगली एका जागी गोला होऊन धावता. तो एकटा काय करील?"

"मावशी, चेंडू जिथं तिथं जावं लागतं."

"रापणीचं जालं वडताना एकानं आपली जागा सोडून दुसऱ्याचा दोर धरला तर मासली निसटते. म्हनून आमी आपापली जागा सोडत नाय."

"ही मासेमारी नव्हे, खेळ आहे."

"व्हय बाबा," येसूबाई पाटी उचलत म्हणाली. "पन हात तर रिकामेच ना तुमचे?"

रघूला राग आला. आपण हायस्कूल पाहिलेले, कॉलेजातले, आणि ही आपल्याला शिकवणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लवूला म्हणाला, "चल, रापण दाखव मला."

मांडवीच्या किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसं दोन रांगांत दोर ओढत होती. एक म्हातारा कमरेइतक्या पाण्यात नुसता उभा होता.

"तो काय करतो?" रघूनं विचारलं.

"उभा राहतो. तो हलला तर जाळ्याची कड वर येते आणि मासळी खालून जाते."

रघू जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत बघत राहिला. त्याच संध्याकाळी त्यानं चुन्यानं मैदानाचे भाग आखले आणि प्रत्येकाला जागा नेमून दिली. डाव्या टोकाला धाकू. हा धाकू चिपळुणाजवळचा, इतका अबोल की संघात आहे हेसुद्धा कधीकधी विसरायला व्हायचं.

"चेंडू आलाच नाही तर?" धाकूनं विचारलं.

"तरी उभा राहा. मी देईन."

सगळ्यांना जागा धरणं जमलं; रघूला देणं जमेना. सरावात तो दहादा स्वतःशीच चरफडायचा. तरी पोलिसांशी बरोबरी झाली, कारकुनांना दोन-एकनं हरवलं, आणि डिसेंबरात चिपळूणच्या कपासाठी संघ सर्व्हिस मोटारीत बसला.

अंतिम सामना चिपळूणच्याच क्लबाशी पडला. त्यांच्या पायांत बूट. नदीकाठचं मैदान मऊ, जांभ्या दगडावर खेळलेल्यांना गादीसारखं. रघूचा बाप काशीराम गावची पाच-सात माणसं घेऊन सहा कोस चालत आला होता. चेंडू रघूकडं आला की ती माणसं ओरडायची, "रघ्या, मार!"

एक-एक झालं होतं. शेवटच्या मिनिटांत रघू चेंडू घेऊन गोलासमोर आला. समोर दोन बूटवाले. पूर्वी त्यानं त्यांच्यावरच धडक मारली असती; बाप बघत होता, गाव बघत होतं. पण डाव्या टोकाला धाकू एकटा उभा होता. रघूनं चेंडू त्याच्याकडं सारला.

धाकू क्षणभर चेंडूकडं बघतच राहिला. मग त्यानं मारला तो पायाच्या पंजानं नव्हे, नडगीनंच. चेंडू वेडावाकडा उडाला, खांबाला घासला आणि आत गेला. दोन-एक.

कप मिळाल्यावर काशीराम मुलाजवळ आला. "सहा कोस चाललो, ते दुसऱ्याचा गोल बघायला काय रे?"

"धाकू मोकळा होता, बाबा."

"तुझ्यासमोर दोघे होते, ते मी बघितलं." काशीरामानं धडप्यात बांधून आणलेली भाकरी सोडली. "कुठं आहे तो? बोलव त्याला. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही त्यानं."

धाकू लाजत आला. काशीरामानं भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि उरलेल्यातला अर्धा रघूला दिला. तिघे नदीकाठच्या गवतावर जेवायला बसले. मोटारीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून दमला.