हाताला बसलेलं

थोरलीने कळ दाबली. काहीच झालं नाही. तिने तीच कळ पुन्हा दाबली, मग तिच्या शेजारची, मग हेडफोन काढून त्यांवर बोटाने टकटक करून पाहिलं. हेडफोन ठणठणीत होते. संगणकच बोलत नव्हता.

तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण या खोलीत त्याची आठवण कुणाला फारशी व्हायची नाही. स्क्रीनवर जे जे असेल ते संगणकातला एक कोरडा आवाज तिला वाचून दाखवायचा, आणि तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की परक्या माणसाला ती नुसती भुणभुण वाटावी. त्या भुणभुणीच्या आधाराने ती नाटकांना पार्श्वसंगीत द्यायची. वाद्यं ध्वनिमुद्रित करायची, कापायची, जोडायची, एकाखाली एक लावायची. माऊसला तिने कधी हात लावला नव्हता. दोन्ही हात कळफलकावर आणि कान आवाजाकडे, एवढ्यावर तिचा संसार चालत होता.

"अगं, हे गप्प का बसलंय?" तिने विचारलं.

धाकटी मागे माइकच्या वायरी गुंडाळत होती. तिचे हात थांबल्याचं थोरलीला ऐकू आलं.

"ताई, संगणक बदललाय, त्यातलं संगीताचं सॉफ्टवेअरही नवीन आहे. सकाळीच बसवून घेतलं. सांगणारच होते."

"आणि माझं जुनं?"

"काढलं. नव्या संगणकावर ते चालत नाही म्हणे."

"म्हणे म्हणजे? कोण म्हणे?"

"सगळेच म्हणतात. आता जो तो हेच वापरतो, ताई. दिग्दर्शकांची माणसंसुद्धा. आणि अडलंच कुठे तर मी आहे ना. मी वाचून दाखवीन तुला."

थोरलीने हेडफोन टेबलावर ठेवले, ठेवले म्हणजे आपटलेच. लहानपणापासून तिला सगळ्यांनी सगळं वाचून दाखवलं होतं. आत्यांनी, शेजारणींनी, बाईंनी, आणि प्रत्येकाने आपल्याला हवं तेवढंच. या जुन्या सॉफ्टवेअरपाशी येऊन ते संपलं होतं. आणि आता सख्खी बहीण हसतमुखाने सांगत होती, मी वाचून दाखवीन.

"भाजी निवडून दे म्हटलं तर निवडून दे," ती म्हणाली. "माझं काम माझ्या पाठीमागे निवडायला तुला कुणी सांगितलं?"

धाकटी काही बोलणार तोवर दाराची घंटा वाजली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानातून शिकवायला माणूस आला होता. बुटांचा आवाज करकरीत, बोलणं त्याहून करकरीत. त्याने धाकटीला नमस्कार केला, मग आवाज खाली आणून तिलाच विचारलं, "यांना संगणक चालवता येतो का?"

"यांना येतो," थोरली म्हणाली. "यांना ऐकूही येतं."

माणूस हसला आणि कामाला लागला. हे बघा, प्रत्येक वाद्याला वेगळा रंग. हे बघा, सूर इथे चौकोनासारखा दिसतो, तो नुसता ओढायचा. सगळं कसं डोळ्यांसमोर. तो 'हे बघा' म्हणे आणि दर वेळी जरा अडखळे, पण दुसरा शब्द काही त्याला सापडेना.

"यातलं कळफलकावरून काय काय होतं?" थोरलीने विचारलं.

"बरंच होतं, मॅडम. ओढाओढी तेवढी माऊसनेच."

"आणि हे बोलतं का? म्हणजे वाचून दाखवणाऱ्या आवाजाला यातलं काही समजतं का?"

"ती सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे."

"मागच्या आवृत्तीच्या वेळीही ती पुढच्याच आवृत्तीत येणार होती. मी तेव्हाही विचारलं होतं."

माणूस धाकटीकडे वळला. त्याचा आवाज कोणत्या दिशेला जातो ते थोरलीला नेमकं कळत होतं. "तुम्ही यांना समजावून सांगा," तो म्हणाला. "सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. सवय झाली की सुटसुटीत वाटतं."

"दाराला कडी आहे," थोरली म्हणाली. "ती उघडायची सवय तुम्हाला असेलच."

तो गेला. धाकटी त्याला सोडायला खाली गेली, बहुधा माफी मागायला. नाटकाच्या दुसऱ्या अंकाचं संगीत आजच द्यायचं कबूल केलं होतं. त्यात म्हातारा बाप घर सोडून जातो तो प्रसंग तिला काही केल्या जमत नव्हता, व्हायोलिन लावलं की तो रडका होई आणि काढलं की कोरडा. आज तो सोडवायचा म्हणून ती उठली होती. आणि इथे तर पाटीच कोरी होती.

तिने मास्तरांना फोन लावला. मास्तरही तिच्यासारखेच, न बघता काम करणारे. तिला हे सॉफ्टवेअर त्यांनीच शिकवलं होतं, कळ न् कळ बोट धरून.

"चालत नाही?" मास्तर म्हणाले. "कोण म्हणतं? मी गेल्या महिन्यात नवा संगणक घेतला. त्याच्यावरच तर करतोय सगळं. उलट आता जास्त पळतं."

"नक्की?"

"अगं, ऐक की." त्यांनी फोन संगणकाजवळ धरला. ओळखीची भुणभुण आली, भरधाव, एकही शब्द न गाळता. थोरलीने फोन ठेवला तरी ती कानात राहिली.

धाकटी जिना चढून आली तेव्हा थोरली दाराकडे तोंड करून बसली होती.

"तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

धाकटीने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"चुकून काढलं असतंस तर समजले असते. तुला कुणी फसवलं असतं तरी समजले असते. तू ठरवून माझी वाचा काढून घेतलीस. का? मी काय वाकडं केलंय तुझं?"

"या खोलीत मी काय करते, ताई?"

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"तेच उत्तर आहे. वायरी गुंडाळते. फोन घेते. वादक आले की पाणी देते. दारावरच्या पाटीवर आपल्या दोघींची नावं आहेत, आणि लोक मला विचारतात, ताई आहेत का." तिचा आवाज चढला नव्हता. उलट अधिकच सपाट झाला होता. "ते जुनं तुझ्या हाताला बसलेलं होतं. माझ्या नाही. तू कळा दाबत सुटायचीस. स्क्रीनवर काय हललं ते मला कळेपर्यंत तू पुढे निघून गेलेली. शिकव म्हटलं की म्हणायचीस, नुसतं ऐक, आपोआप कळेल. मला ऐकून नाही कळत. मला बघून कळतं. मला सूर कुठे ठेवलाय ते दिसावं लागतं, मग तो मला हलवता येतो. मी तशी आहे, त्याला मी काय करू?"

"मग तसं सांगायचं होतंस."

"तू हसली असतीस."

थोरलीने तोंड उघडलं. धाकटी थांबली होती, 'नसते हसले' हे वाक्य ऐकायला. वाक्य काही आलं नाही.

"म्हणजे मला गप्प केलं की तुला बोलता येणार होतं," शेवटी थोरली म्हणाली.

"असा विचार नव्हता केला."

"केला नव्हतास, पण घडलं तेच. तुला काय वाटलं, मी दिवसभर तुझ्या खांद्याला खांदा लावून बसेन आणि तू मला सांगशील, ताई, आता निळं डावीकडे, आता हिरवं उजवीकडे? माझ्याच कामात मी पाहुणी?"

"मला वाटलं, आपण मिळून करू."

"मिळून करायचं तर आधी विचारायचं असतं." थोरलीचा आवाज आता मात्र चढला. "परक्याने केलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. तुला काय करू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टीटी बराच वेळ चालली.

"आधी माझं होतं ते परत घाल," थोरली म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. मग पुढचं."

धाकटी टेबलाशी आली. थोरली उठून बाजूला झाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. माऊसची टिकटिक, थोडा वेळ शांतता, पुन्हा टिकटिक. धाकटी प्रत्येक पायरीला काय करतेय ते सांगू लागली, तेव्हा थोरली म्हणाली, "सांगू नकोस. कर." मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. थोरलीने पुढे होऊन कळ दाबली आणि संगणक बोलला. नवीन प्रकल्प, रिकामा. तिने आणखी काही कळा दाबल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. तिने श्वास सोडला, पण राग कमी झाला नव्हता. उलट आता निवांत रागवायला सवड मिळाली होती.

धाकटी पर्स उचलत होती.

"तुझं ते काढून टाकलंस का?" थोरलीने विचारलं.

"नाही. ते आहे बाजूला. उद्या काढते."

"त्यात काही केलंयस?"

"घरी करून पाहत होते, सकाळी यात आणून ठेवलंय. बाप घर सोडतो ते. तुझं अडलं होतं म्हणून."

"लाव."

"ताई, ते तसं कच्चंच आहे."

"ते मी ठरवेन. लाव."

धाकटीने पर्स खाली ठेवली. टिकटिक झाली. मग स्पीकरमधून एक ढोल आला, अगदी खालच्या आवाजात, तळव्याने वाजवलेला, चालण्याच्या लयीत. व्हायोलिन नव्हतंच. ढोलाची पावलं हळूहळू लांब जात राहिली, इतकी लांब की थोरलीने नकळत मान पुढे काढली. पावलं संपली. काहीच राहिलं नाही. आणि ते काहीच नसणं आता फार झालं असं वाटू लागल्यावर एक बासरी आली, एकच सूर घेऊन, आणि बंद झाली.

धाकटीने माऊसवरचा हात काढला नव्हता.

"बासरी उशिरा येते," थोरली म्हणाली. "शेवटच्या पावलावरच यायला हवी. तू ती चुकीच्या जागी ओढलीस."

"चुकीच्या नाही. मुद्दाम तिथे ठेवलीय."

"तिथे कुणीच नाही. माणूस गेलेला आहे."

"म्हणूनच."

थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिने हाताने चाचपत दुसरी खुर्ची शोधली, ती ओढून स्पीकरसमोर आणली आणि बसली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.