सहीच्या वरची मोकळी जागा

माझ्या बहिणीला घरात सगळे जज्ज म्हणतात. लहानपणी माझं गल्लीतल्या पोरांशी भांडण झालं की ही चिमुरडी मध्ये बसायची, दोन्ही बाजू ऐकून घ्यायची आणि शिक्षा दोघांनाही ठोठावायची. पुढे ती खरंच कायदा शिकली. आता कायद्यातच डॉक्टरेट करते. विषय सांगायला सोपा आहे : माणसाला कोंडीत पकडून सही घेतली, तर ती सही त्याची मानायची का? एवढ्या एका प्रश्नापायी पोरीचे केस पांढरे व्हायला लागले.

मी बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. ब्रेक आणि क्लच. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पैसा कुठे अडतो ते कळतं, कारण तो अडला की माझ्या खिशात हात घालावा लागतो.

विद्यापीठाची पद्धत अशी. दर वर्षी फी. शिकवण्याची फी, शिकवणारं कुणी नसलं तरी. ग्रंथालयाची, नोंदणीची, आणि प्रयोगशाळेचीसुद्धा. मी तिला विचारलं होतं, "कायद्याला कसली गं प्रयोगशाळा? उंदीर कोण असतो तिथं?"

"मी," जज्ज म्हणाली.

तिला शिष्यवृत्ती मंजूर झाली तेव्हा आई शेजारपाजारी सांगून आली होती. मंजूर होणं आणि हातात पडणं यांच्या मध्ये किती टेबलं असतात ते तेव्हा कुणाला माहीत होतं? आधी फी भरा, पावती आणून द्या, मग हप्ते सोडू, असा नियम. पहिल्या वर्षी सोडले. पुढच्या दोन वर्षांच्या पावत्या आत गेल्या आणि बाहेर काहीच आलं नाही. ती दोन्ही वर्षं मी वर्कशॉपच्या सोसायटीतून कर्ज काढून भरली. हप्ते आले की फेडू, असं बायकोला सांगून. बायको तेव्हाही म्हणाली होती, "आले तर." मी चिडलो होतो.

दुसरा नियम त्याहून भारी. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने कुठेही काम करायचं नाही. म्हणजे पैसे देणार नाही, आणि पैसे देतो म्हणून कमावूही देणार नाही. हा नियम लिहिणारा माणूस रोज दोन वेळा जेवत असणार, मला खात्री आहे. जज्ज मग एका वकिलाकडे चोरून मसुदे लिहायला जायची. नोटिसा, करारनामे, अर्ज. लिहायची ही, सही त्याची. पगार नाही, हातावर काहीतरी.

या वर्षी नवीन फर्मान निघालं. फी शिष्यवृत्तीतून परस्पर वळती करून घेऊ, फक्त एक हमीपत्र सही करून द्या. हमीपत्र नसेल तर फी रोख भरा. तेही नसेल तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे प्रबंध दाखल करता येणार नाही, म्हणजे इतक्या वर्षांचे कागद घरात रचून ठेवायचे आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. प्रबंध लिहून तयार होता. हमीपत्राचा शेवटचा दिवस होता त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. एकटीला जाऊ द्यायला मन होईना. रात्रभर स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होती.

शिष्यवृत्ती विभागाची खोली म्हणजे लोखंडी कपाटं आणि त्यांच्या मध्ये सापडलेला एक अधिकारी. गोरागोमटा, मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. त्याने जज्जचा कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि अंगठ्याने एका जागी थांबला.

"हे काय आहे, मॅडम?"

मी वाकून बघितलं. छापील मजकूर संपतो आणि सही येते, यांच्या मधली मोकळी जागा जज्जने एक तिरकी रेघ मारून बंद केली होती. रेघेच्या बाजूला बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं होतं : हक्क राखून.

तिचा चेहरा उतरला. मुद्दाम केलं नव्हतं. हाताने केलं होतं. वकिलाकडे रोज तेच करायची. मला एकदा घरीही शिकवलं होतं, "दादा, कागदावर सहीच्या वर रिकामी जागा सोडायची नाही. ते उघडं दार असतं. आपण झोपल्यावर कोण आत येईल सांगता येत नाही."

"चुकून झालं, सर," ती म्हणाली. "मी दुसरी प्रत देते."

"चुकून?" अधिकारी हसला. "मॅडम, मीसुद्धा उमेदीच्या काळात एका वकिलाकडे कारकुनी केली आहे. ही रेघ वर्गात शिकवत नाहीत. ही रेघ रोज पाचपन्नास कागद हातावेगळे करणाऱ्याची आहे. कुणाकडे जाता?"

ती फाइलची दोरी सोडायला आणि पुन्हा बांधायला लागली.

"नियम माहीत आहे ना?"

मीच बोललो, "साहेब, दोन वर्षं पैसे नाही दिले तुम्ही. हवा खाऊन लिहिणार का ती?"

"आपण कोण?"

"भाऊ."

"मग भावाने खायला घालावं," तो म्हणाला, त्याच मऊ आवाजात. मग तिच्याकडे वळला. "मी वाईट माणूस नाही. सगळी शिष्यवृत्ती परत वसूल करायला लावू शकतो, पण लावत नाही. त्या वकिलाचं पत्र आणा, की तुमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आणि हमीपत्र स्वच्छ आणा. रेघ नको, टीप नको. काउंटर बंद व्हायच्या आत."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर जज्ज भिंतीला टेकली. "माझा हात, दादा. माझ्याच हाताने घात केला." मी म्हटलं, हात शाबूत आहे ना, चल. दुसरं काय म्हणणार?

वकिलाचं ऑफिस एका औषधांच्या दुकानावर. दार उघडंच होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. वकील आनंदी माणूस. जज्जला बघून ओरडला, "या डॉक्टरीणबाई! ती भाड्याची नोटीस राहिली आहे तुमची!"

तिने खालच्या मानेने सगळं सांगितलं. तो मोठ्याने हसला.

"एवढंच ना? अगं, तू इथं होतीसच कुठे? हजेरीत नाहीस, पगारात नाहीस. देतो की पत्र. बस, टाइप कर."

जज्ज तिच्या रोजच्या खुर्चीत बसली, रोजच्या कॉम्प्युटरवर, आणि त्या ऑफिसशी आपला कधीही संबंध नव्हता असं पत्र टाइप करायला लागली. कळा खडखडत होत्या. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. तिनेच लावलं असणार, किंचित वाकडं होतं. घरचंही ती तसंच लावते.

वकिलाने कागद वाचला. "'माझ्या माहितीप्रमाणे' कशाला लिहिलंस? काढ ते. ठाम लिही. पळवाट ठेवलीस की लोकांना वास येतो."

तिने काढलं. त्याने सही ठोकली. मग तिने अगदी हळू विचारलं, "सर, या महिन्याचे माझे..."

"तेच सांगणार होतो," वकील म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर वाईट वाटल्यासारखा झाला. "आता मी तुला पैसे कसे देऊ? कशाचे म्हणून देऊ? काही संबंध नाही असं तूच लिहिलंस ना आत्ता? उद्या कुणी चौकशी केली तर तू अडकशील, मी अडकेन. तुझ्या भल्यासाठीच सांगतो. इथं आता येऊही नकोस."

मी बाकावरून उठलो. माझ्या हातात पाना असता तर त्या दिवशी काही खरं नव्हतं. जज्ज बाहेर आली ती माझी बाही धरूनच. "चल दादा."

"अगं पण तुझे कष्टाचे..."

"चल म्हणते ना!"

रस्त्यात ती माझ्या पुढे चालत होती. फाइल छातीशी धरलेली. एका वळणावर बस आमच्या अंगावर आल्यासारखी थांबली आणि ड्रायव्हरने शिवी हासडली. मी ओळखीचा ब्रेक ऐकला, किंचित उशिरा लागणारा. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ड्रायव्हरला थांबवून सांगितलं असतं. त्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांचेच ब्रेक उशिरा लागू देत.

अधिकारी चहा पीत होता. पत्र वाचून मान डोलावली. "वा. भाषा छान आहे." कुणाची ते त्याला पक्कं माहीत होतं. मग त्याने कोरं हमीपत्र पुढे केलं. जज्जने खाली सही केली. मधली जागा मोकळी सोडली. सोडताना तिचं पेन हवेत थांबलं ते मी बघितलं. मग तिने टोपण लावलं.

अधिकाऱ्याने ड्रॉवर उघडला आणि एक लांबट रबरी शिक्का काढला. पॅडवर दाबून त्या मोकळ्या जागेवर मारला. बरोब्बर बसला. कुठे इकडे नाही, तिकडे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती जागा छापखान्याच्या आळसाने राहिलेली नव्हती. शिक्क्याच्या मापाने सोडली होती. सकाळी तिच्या रेघेने दुखलं होतं ते याचसाठी. कायदा मोडला म्हणून तो चिडला नव्हता. दाराला आतून कडी लागली होती, म्हणून चिडला होता.

पण शाई वाळली होती. कागदावर नुसते पुसट डाग आले. त्याने पुन्हा दाबला, फुंकर मारली. "सकाळपासून मारून मारून..." मग पेन तिच्यासमोर ठेवलं. "तुम्हीच लिहा, मॅडम. अक्षर चांगलं आहे तुमचं. शिक्क्यावरचंच आहे. लिहा : मागील दोन वर्षांचे हप्ते मला मिळाले असून त्याबाबत माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही. हे मी राजीखुशीने लिहून देत आहे."

जज्जने पेनला हात लावला नाही.

"मिळाले नाहीत, सर," जज्ज म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियमात नाही. म्हणून तर राजीखुशीने." त्याने घड्याळाकडे बघितलं. "सगळ्यांनी दिलं आहे. वरून हिशेब मिटवायला सांगितलं आहे, मी काय करू? तुमची हरकत असेल तर कागद परत घ्या आणि फी रोख भरा. खालचं काउंटर अजून उघडं आहे."

जज्जने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीने मला आयुष्यात असं कधी विचारलं नव्हतं, ना शब्दाने, ना डोळ्यांनी. पैसे माझे होते. सोसायटी माझ्या पगारातून कापत होती, अजून कितीतरी वर्षं कापणार होती. त्या हप्त्यांच्या भरवशावर मी मुलाची दातांची ट्रीटमेंट पुढे ढकलली होती. बायकोला शब्द दिला होता. दुसऱ्या पारड्यात काय, तर कागदांचा एक गठ्ठा, ज्यातलं एक पानसुद्धा मी कधी पूर्ण वाचलं नाही.

"दादा?"

"लिही."

"तुझे पैसे आहेत ते."

"लिही म्हणतो ना!" माझा आवाज चढला. अधिकाऱ्यावर चढायला हवा होता, तिच्यावर चढला. असंच होतं आमचं. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यासमोर साहेब साहेब, आणि घरच्या माणसावर तोंड.

ती लिहायला लागली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. शेवटचा शब्द झाल्यावर ओळीपुढे थोडी जागा उरली होती. तिने पेन उचललं नाही. त्या उरलेल्या जागेवरून एक रेघ ओढली, थेट सहीपर्यंत.

अधिकारी हसला. "सवय जात नाही हं, मॅडम."

"नाही जात," जज्ज म्हणाली. "एवढं घेतलंत. यापुढे एक अक्षर नाही घालायचं."

त्याने कागद फाइलला लावला. नोंदणी चालू राहिली. पावतीवर प्रयोगशाळेची फीसुद्धा लावलेली होती.

बाहेर पायऱ्यांवर ती खाली बसली. मीही बसलो. माझी अर्धी रजा संपायला वेळ होता, आणि घरी जायची हिंमत दोघांनाही नव्हती. बायको दारातच विचारणार, आले का?

"दादा, माझं शेवटचं प्रकरण चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"मी लिहिलंय की जबरदस्ती झाली असेल तर कागद नीट बघावा, कुठे ना कुठे खूण सापडतेच. खाडाखोड, घाई, वेगळी शाई." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "आणि माझ्या कागदावर काय सापडेल? सुंदर अक्षर. राजीखुशीने. एक खाडाखोड नाही."

"मग बदल ते प्रकरण."

"प्रबंध द्यायची तारीख जवळ आलीय."

"मग काय करतेस?"

तिने डोळे पुसले, ओढणीला नाक पुसलं. घरातली सगळ्यात शिकलेली बाई, पण नाक तसंच पुसते.

"बदलते," ती म्हणाली. "आधी घरी जाऊ. वहिनीला मी सांगते. तू गप्प बस, नाहीतर तिच्यावरही ओरडशील."

आम्ही उठलो. ती पुढे, मी मागे.