हो, जेवले

कडी काढून ती वाकून पिंजऱ्यात शिरली. खोलीपेक्षा मोठा, चारी बाजूंनी जाळीचा, पिल्लांना उडायला जागा मिळावी म्हणून बांधलेला पिंजरा होता तो. दांडीवरच्या घुबडाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि ते उडून पार लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

आडोशाला उभ्या असलेल्या पक्षी-उपचार केंद्राच्या डॉक्टरबाईंनी मान डोलावली. माणूस दिसला की लांब पळायचं, एवढीच परीक्षा होती. घरट्यातून पडलेलं हे पिल्लू तिनेच वाढवलं होतं. पडद्याआडून, चिमट्याने मांसाचे तुकडे भरवून, आणि नियमाप्रमाणे तोंडातून शब्द न काढता. माणसाची सवय लागलेलं पिल्लू रानात टिकत नाही, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी घोकून झालं होतं.

सोडताना घुबडाच्या पाठीवर ठावठिकाणा सांगणारा इवलासा ट्रान्समीटर बसणार होता, आणि अँटेना घेऊन वर्षभर त्याच्या मागे रानात हिंडायचं काम तिला मिळणार होतं. त्या वर्षासाठीच तर ती हे शिकली होती. घरी मात्र, प्राण्यांचं शिकून पोटाचं काय, हे पालुपद सुरू असायचं. वडील म्हणायचे, निदान वाघ तरी निवडायचास, चारचौघांत सांगायला बरं.

"पास," डॉक्टरबाई पुढे येत म्हणाल्या. "दोघंही."

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आईच. दुपारचा हा फोन उचलला नाही, तर आई थेट ऑफिसात फोन लावून सगळ्यांना कामाला लावायची. एकदा लावलंही होतं. तेव्हापासून हातात काहीही असो, फोन उचलायचा, दोन शब्द पुटपुटायचे आणि ठेवायचा, ही सवय तिच्या अंगात मुरली होती.

"जेवलीस का?"

"हो, जेवले."

कोपऱ्यात पंख उघडले. घुबड सरळ तिच्या पायाशी येऊन उतरलं, मान वर केली आणि चोच उघडून तसंच बसून राहिलं.

डॉक्टरबाईंनी त्या उघड्या चोचीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे.

"भरवताना बोलायचीस?"

"आईशी. एवढंच."

"रोज?"

तिने मान खाली घातली.

"आता नाही सोडता येणार याला. कुणाच्याही दारात जाऊन बसेल आणि मार खाईल." डॉक्टरबाईंचा आवाज उतरला. "इथेच ठेवावं लागेल, जन्मभर. सांभाळायला माणूस लागेल. कायमची जागा आहे, बघ."

हातातोंडाशी आलेला घास गेला होता. तिला आधी आईचा भयंकर राग आला, मग स्वतःचा.

घरी आनंदीआनंद झाला. कायमची नोकरी, तीही घराजवळ. वडिलांनी शेजारी जाऊन सांगितलं. "मी म्हणत नव्हते, सगळं नीट होईल?" म्हणत आईने डोळे पुसले. नोकरी कशामुळे मिळाली, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिंजऱ्यात शिरून आतून कडी लावली. आता पडद्याची गरज नव्हती. आईने भरभरून दिलेला डबा तिने न उघडताच कोपऱ्यात ठेवला. फोन थरथरला.

"जेवलीस का?"

घुबड तिच्याकडे बघत होतं. तिने चिमटा उचलला.

"अगं, ऐकू येतंय ना? जेवलीस का?"

"हो, जेवले," ती म्हणाली आणि उघड्या चोचीत पहिला तुकडा ठेवला.